दालमिलच्या धुळीत लपलेली कावीळ

जळगावच्या डॉक्टरांनी माझा तळहात स्पिरिटच्या कापसानं पुसला. कापूस पिवळा झाला. त्यांनी तो उजेडात धरला आणि माझ्या मालकांकडे, म्हणजे नवऱ्याकडे, पाहिलं.

"साहेब, ते दालमिलचं आहे," मालक घाईनं म्हणाले. "मिलमधनंच थेट उचलून आणलंय तिला. आमच्या सगळ्यांचेच हात असे असतात."

डॉक्टरांनी दुसरा कापूस घेतला, हात पुन्हा स्वच्छ पुसला. मग अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली आणि मालकांना जवळ बोलावलं. "आणि हे? हे पण दालमिलचं का?"

मालक वाकून बघायला लागले. मला माझा डोळा दिसत नव्हता, पण मालकांचा चेहरा दिसत होता. त्यावरूनच मला काय ते कळलं.

"ताई, संडासचा रंग कसा असतो?" डॉक्टरांनी विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या माणसानं असं विचारावं? मी पदर तोंडाशी धरून म्हणाले, "ठाऊक नाही. आम्ही बाया उजाडायच्या आत बाहेर जातो. अंधारात रंग कुठला दिसतो?"

"लघवी?"

"चहासारखी. उन्हाळा आहे ना."

त्यांनी मान हलवली आणि सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिली. सोनोग्राफी म्हणजे पोटावर थंड मलम लावून आतलं चित्र पडद्यावर बघतात, दुखत नाही. ते चित्र बघून झाल्यावर ते म्हणाले, "ऑब्स्ट्रक्टिव्ह जॉन्डिस." म्हणजे वाट तुंबल्यामुळे झालेली कावीळ. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता आणि तो आज-कालचा नव्हता. "यकृतावर किती परिणाम झालाय ते इथं कळणार नाही. धुळ्याला मोठ्या दवाखान्यात न्या. आजच न्या."

ही गोष्ट नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराची. मी शाळा पाचवीत सोडली, त्यामुळे डॉक्टरांचं बोलणं मला जसं समजलं तसंच लिहिते आहे. पण जी चूक आम्ही केली ती मात्र मला पुरती समजलेली आहे, आणि तेवढ्यासाठीच हे लिहायला बसले. आमच्यासारखं काम करणारे पुष्कळ आहेत.

आम्ही मूळचे परभणीकडचे. मालकांना (मिलच्या मालकाला आम्ही शेठ म्हणतो) जळगावच्या एका दालमिलमध्ये तूर भरडायच्या रोलरवर काम मिळालं. वर्षभरानं मलाही तिथंच डाळ निवडायला घेतलं. माहेर-सासर दोन्ही लांब, इथं ओळखीचं कुत्रं नाही. चाळीत शेजारी राहणाऱ्या अक्कांनीच मला काम शिकवलं. अक्का मिलमधल्या सगळ्या निवडणाऱ्या बायांत जुन्या. बोलायच्या अहिराणी. पहिले सहा महिने मला त्यांचं निम्मं बोलणं कळत नव्हतं, पण माया कळत होती.

दालमिलमध्ये तूर भरडायला लागली की पिवळी धूळ उडते. ती केसांत बसते, भुवयांवर बसते, घामात कालवून मानेवर ओघळते. बायांची पांढरी पातळं महिन्यात पिवळी होतात. फोलाचा बारीक भुसा अंगावर बसून खाज सुटते. धुळीनं डोळे कायम लालसर. नवीन बाई आली की आम्ही हसून म्हणायचो, "आली गं हळद लावून नवरी!"

संक्रांतीनंतर मला खाज सुटली. तळहाताला, तळपायाला, पाठीला. मी म्हटलं, भुसा. अक्कांनी खोबरेल दिलं. जेवण जाईना. मी म्हटलं, घरची आठवण येते म्हणून. अंग पिवळं दिसायला लागलं असेल, तर ते बघणार कोण? आम्ही सगळ्याच पिवळ्या. घरात आरसा टिचभर, तोही फक्त कुंकवापुरता.

होळीच्या आसपास एकदा सुट्टीच्या दिवशी अक्का माझ्याकडे निरखून बघत राहिल्या. "तुले कावीळ व्हयेल शे का वं?" त्यांनीच पहिल्यांदा ओळखलं, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. त्यांची नजर चुकली नव्हती. पुढचा रस्ता चुकला.

त्या मला कावीळ उतरवणाऱ्या एका म्हाताऱ्या नानांकडे घेऊन गेल्या. नाना लबाड नव्हते. एक नारळ सोडला तर कुणाकडून काही घेत नसत. परातीत चुन्याचं पाणी घ्यायचे, त्यात रोग्याचे हात चोळून चोळून धुवायचे. पाणी पिवळं झालं की समजायचं, कावीळ उतरते आहे. ज्या दिवशी पाणी नितळ राहील त्या दिवशी रोग गेला.

आम्ही जायचो काम सुटल्यावर, वरवर हात धुऊन. नखांत, रेषांत डाळ तशीच. पाणी पिवळंधमक व्हायचं. अक्का समाधानानं माझ्याकडे बघायच्या. मीसुद्धा. मला खरंच वाटायचं, एवढं निघतंय तर आत आता काय राहिलं असेल!

अशा चार खेपा झाल्या. मग मिलची मोटर जळाली आणि पाच दिवस काम बंद पडलं. पाच दिवस मी घरात. रोज अंघोळ, रोज भांडी, राखेनं हात घासलेले. पाचव्या दिवशी नानांकडे गेलो, तर पाणी जसंच्या तसं.

"बठ्ठी उतरी गयी वं!" सगळी उतरली म्हणत अक्का परातीवर वाकून ओरडल्या. "देख, पानी कसं नितळ शे!"

आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की निघत होती ती डाळ, आणि डाळ संपली म्हणून पाणी नितळ झालं. मालक रोलरवर काम करणारे, त्यांच्याही नाही. अजून आठवलं की हसू येतं आणि मागोमाग अंगावर काटा येतो.

अक्कांनी आनंदानं वरणबट्टी केली. महिनाभर मी पथ्यावर होते, म्हणून मला बसवून आग्रह. बट्टी कुस्करून वर तूप, पुन्हा तूप. माझी सहा वर्षांची सोनी म्हणाली, "आई, तुझ्या ताटात तळं झालं." मी सगळं खाल्लं.

तासा-दोन तासात उजव्या बरगडीखालून कळ उठली ती पाठीत गेली. ओकारी झाली. मी कुणाला सांगितलं नाही, केलेल्या अन्नाचा अपमान नको म्हणून. दुसऱ्या दिवशी मिल सुरू झाली, मी कामावर गेले. दुपारी हुडहुडी भरली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि माझे दात वाजत होते. मी निवडायच्या ढिगावरच आडवी झाले. तिथनं मालकांनी मला उचलून डॉक्टरांकडे नेलं. पुढचं तुम्हाला सांगितलंच.

धुळ्याला जाताना सोनीला अक्कांकडे ठेवलं. अक्का एसटीच्या खिडकीशी उभ्या होत्या. "मीच खावाडी वं तुले ती बट्टी," म्हणत डोळे पुसत होत्या. मग एकदम कडक आवाजात, "सोनीनी काळजी करू नको. ती मनी नात शे." पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मालकांनी लिंबूपाणी आणलं, मी ओकले. वाटभर माझ्या मनात एकच होतं: आई नसलेली पोरगी परक्या मुलखात कोण सांभाळतं?

धुळ्याच्या दवाखान्यात बायकांचा वॉर्ड मोठा होता. एप्रिलचं ऊन, खिडक्यांना ओल्या चादरी बांधलेल्या. आधी सलाईन आणि तापाची इंजेक्शनं. रोज रक्त काढायचे. त्यात बिलिरुबिन बघायचे. रक्तातला पिवळेपणा मोजायचं ते माप. एकाच्या आसपास हवं, माझं चौदाच्या वर होतं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मोठे सर्जन साहेब खाटेशी आले. केस पिकलेले, बोलणं हळू. मी विचारलं, "साहेब, कावीळ म्हणजे नेमकं बिघडलंय काय?" त्यांनी स्टूल ओढलं आणि खरंच बसले. एवढा मोठा माणूस माझ्यासाठी बसला, हे मी विसरणार नाही.

"मटणातलं काळीज साफ केलंय कधी?"

"केलंय."

"त्याला हिरवी पिशवी असते, ती फुटली तर?"

"सगळं काळीज कडू होतं."

"बरोबर. पित्त काळजातच, म्हणजे यकृतातच, तयार होतं. पेशींच्या मधून केसासारख्या नळ्या निघतात, त्या मिळून मोठ्या होतात, शेवटी एकच मोठी नळी आतड्यात उतरते. तुम्ही जळगावच्या ना? पाइपांच्या गावच्या. ठिबकची नळी पुढं बुजली तर काय होतं?"

मालक म्हणाले, "मागं फुगते. जोडांतून पाझरते."

"तेच झालंय. खडा नळीच्या तोंडाशी आहे. पित्त मागं तुंबलं, बारीक नळ्या फुगल्या, पित्त पेशींत झिरपायला लागलं. पेशींना ते सोसत नाही. त्या सुजतात, काही मरतात. मग शरीर नळ्यांच्या भोवती डागडुजी करतं, चिवट दोरे विणतं. त्याला फायब्रोसिस म्हणतात. जखमेचा वण जसा राठ असतो ना, तसा आतला वण."

"मग आत वण पडला तर काय बिघडतं?" मी विचारलं.

"काळजात पित्ताच्या नळीशेजारून रक्ताची शीर जाते. अगदी खेटून. आतड्यातलं सगळं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेनं काळजात येतं आणि तिच्या फांद्या या नळ्यांच्या सोबतीनं आत पसरतात. दोरे वाढले की शेजारच्या शिरा दाबल्या जातात. रक्ताला आत जायला वाट मिळत नाही, मग तेही मागं तुंबतं. प्लीहा वाढते, अन्ननळीच्या शिरा फुगतात, पोटात पाणी होतं. मऊ काळीज गाठी-गाठींचं, कडक होतं. त्याला सिरॉसिस म्हणतात."

"आणि माझं?"

"मोठी शीर सोनोग्राफीत मोकळी दिसतेय. आतलं मात्र तुकडा तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. ऑपरेशनमध्ये खडा काढू, तेव्हाच काळजाचा एक बारीक तुकडा घेऊ. वाट वेळेत मोकळी झाली तर काळीज पुष्कळ भरून येतं. वेळेत की नाही, ते तुकडा सांगेल."

मला डाळीचा तो दाणा आठवला, जो कितीही भिजवा, कितीही शिजवा, दाताखाली तसाच कडक लागतो. मी रात्रंदिवस उजव्या बरगडीखाली हात दाबून बघायची, कडक लागतंय का. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "बाई, तू खरबूज घ्यायला आलीस का?"

तेव्हाच मी आईला अंतर्देशीय पत्र लिहिलं. 'मी बरी आहे, काळजी करू नये.' लिहून झाल्यावर ते उशीखाली ठेवलं. खोटं टाकायला हात धजेना. ठरवलं, खरं झालं तर टाकायचं.

ऑपरेशनच्या आधी व्हिटॅमिन के नावाची इंजेक्शनं दिली. पित्त आतड्यात पोचत नसलं की हे जीवनसत्त्व अंगाला लागत नाही आणि रक्त लवकर गोठत नाही. म्हणून रक्ताची बाटलीही तयार ठेवायची होती. मालकांचं रक्त जुळेना. आपलं माणूस म्हणावं असं दुसरं कुणी जवळ नाही. मालक जळगावला गेले आणि दुसऱ्या दिवशी रज्जाकभाईंना घेऊन आले. रज्जाकभाई आमच्या मिलमध्ये बारदान शिवायचे. दाढी पांढरी व्हायला लागलेली, कमरेला कायम सुतळीचा गुंडा. त्यांचं रक्त जुळलं.

रक्त देऊन झाल्यावर बिस्कीट खात माझ्या खाटेशी आले. "भाभी, आता तुमच्यात माझं रक्त जाणार. तंबाखू मागायला लागलात तर मला दोष देऊ नका." मी रडत होते. ते म्हणाले, "रडू नका. साऱ्या गावाच्या डाळीतला खडा निवडला, स्वतःचा तेवढा राहिला. निघेल."

ऑपरेशन झालं. खडा बोराच्या बीएवढा होता. शुद्धीवर आले तेव्हा पोटातून एक रबरी नळी बाहेर आलेली आणि खाली बाटली टांगलेली. तिला टी-ट्यूब म्हणतात. आतल्या नळीला सूज असते तोवर पित्त बाहेर वाहून जायला ही वाट. बाटलीत आधी काळपट, मग सोनेरी पित्त पडायला लागलं. मालक दिवसभर त्या बाटलीकडे बघत बसायचे. सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, बघून लवकर भरत नाही ती."

खाज आठवड्यात गेली. कुणाला खाज सुटली नसेल त्याला हे सुख कळणार नाही. मी पाठ टेकून, हात स्थिर ठेवून नुसती पडून राहायची. काहीही न खाजणारं अंग!

बारा दिवसांनी नळीत औषध सोडून एक्सरे काढला. औषध सरळ आतड्यात उतरलेलं दिसलं. आत खडा उरला नव्हता. मग टी-ट्यूबला चिमटा लावला. पित्तानं आता आपल्या वाटेनं जायचं होतं. सिस्टरांनी बजावलं, "रंगाकडे लक्ष ठेवा."

दवाखान्यातल्या संडासात खिडकी होती, उजेड होता. मी आले त्या आठवड्यात पहिल्यांदा बघितलं होतं. पांढऱ्या मातीसारखं. तेव्हा मला कळलं होतं की दोन-तीन महिने मी अंधारात काय सोडून येत होते. चिमटा लावल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर पिवळसर तपकिरी. जसा असायला हवा तसा. मी पोटाचे टाके धरून बाहेर आले आणि ज्या प्रश्नानं मला मेल्यासारखं झालं होतं, त्याचं उत्तर भर वॉर्डात ओरडून सांगितलं, "सिस्टर! रंग आला!" अख्खा वॉर्ड हसला. खरबुजवाल्या म्हातारीनं टाळ्या वाजवल्या.

पण तुकड्याचा रिपोर्ट अजून यायचा होता. रोज राउंडला मी डॉक्टरांच्या तोंडापेक्षा हातातल्या कागदांकडे बघायची. एका दुपारी लहान डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. वाचताना त्यांच्या कपाळाला आठी पडली. मागाहून कळलं, टाइप केलेली अक्षरं पुसट होती.

"ऐका," त्या म्हणाल्या. "पेशी सुजलेल्या आहेत, बारीक नळ्यांत पित्ताचे गोळे आहेत. नळ्यांच्या भोवती नवीन दोरे आहेत."

मालकांनी खाटेची दांडी घट्ट धरली.

"पण दोरे एकमेकांना जोडलेले नाहीत. जाळं झालेलं नाही, गाठी नाहीत, शिरा मोकळ्या. सिरॉसिस नाही."

"म्हणजे काळीज..." मी म्हटलं.

"मऊ आहे. वाट मोकळी झालीय, सूज उतरेल. दोरे काही विरतील, काही राहतील, त्यांचा त्रास नाही." मग रिपोर्टची घडी घालत म्हणाल्या, "अजून काही महिने काढले असते तर हा कागद वेगळा आला असता."

मालक बाहेर गेले. आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. मी उशीखालून अंतर्देशीय काढलं, जीभ लावून चिकटवलं आणि म्हटलं, "हे आता पेटीत टाका."

कावीळ झालेल्या, होऊ शकणाऱ्या माझ्या बायांनो, भावांनो, मला एवढंच सांगायचं आहे. हात, नखं, कपडे, धुतलेलं पाणी यावर जाऊ नका. भर उन्हात डोळ्याचं पांढरं बघा. लघवी चहासारखी आणि शौच मातीसारखं असेल तर लाजू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. पित्ताची वाट तुंबली की एकटी तुंबत नाही, शेजारच्या रक्ताच्या वाटेलाही कवेत घेते, आणि मध्ये बिचारं काळीज सापडतं. आत सगळं खेटून राहतं, आमच्या चाळीसारखं.

नानांवर माझा राग नाही. अक्का त्यांना जाऊन सांगून आल्या, दालमिलची माणसं हाती घेऊ नका, त्यांचं पाणी खोटं बोलतं. म्हणे नाना बराच वेळ परातीकडे बघत बसले.

तीन महिन्यांनी मी कामावर परत गेले. पहिल्याच सोमवारी जेवणाच्या सुट्टीत अक्कांनी मला हौदाशी बोलावलं, उन्हात उभं केलं आणि त्या डॉक्टरांसारखीच अंगठ्यानं माझी पापणी ओढली. मग मागे उभ्या असलेल्या बाईला म्हणाल्या, "तू बी ये. डोया दखाड." तेव्हापासून दर सोमवारी हे चालू झालं. निवडणाऱ्या बाया, रोलरवरचे गडी, रज्जाकभाई, सगळे ओळीनं. नव्या बायांना वाटतं ही मिलची जुनी रीत आहे. कुणी हसलं तर अक्का डोक्यात टपली मारतात.

माझी पाळी शेवटी. सगळ्यांना त्या पटकन सोडतात, माझी पापणी मात्र जरा जास्त वेळ धरून ठेवतात. मी म्हणते, "अक्का, डोळ्यात पाणी आलं आता."

"येऊ दे," त्या म्हणतात. आणखी एकदा नीट बघतात. "धवळं शे. जाय, डबा खाय."